दहाव्या माणसाची आंघोळ

...आणि गार की गरम, हे मला आता कुणी विचारायचंच नाही! स्पष्ट सांगतो. गेल्या दहा-बारा दिवसांत मला एवढ्या लोकांनी एवढ्या वेळा विचारलंय ना, की आता कुणी सहज म्हणून "काय, आंघोळ झाली का?" म्हटलं तरी माझं डोकं तापतं... आणि डोकं तापलं रे तापलं की शेजारचा म्हणतो, तापलंय ना, मग गार घ्या! गार घ्या, गरम घ्या, आधी गार घेऊन वर गरम घ्या, आधी गरम घेऊन वर गार घ्या... अहो, मी माणूस आहे की लोहाराकडची कांब? मला सांगा, कंबर कुणाची? माझी! उसण कुणाला भरली? मला! आणि पाणी कुठलं घ्यायचं ते ठरवणार कोण? अख्खं पनवेल!

नाही, तुम्ही हसताय, पण तुम्हाला सांगतो, सुरुवात अगदी साधी झाली. मी जुडाह आपटेकर, वय चौसष्ट, टेलिफोन खात्यातून रिटायर, पनवेलात जन्म, पनवेलात शाळा, पनवेलातच पेन्शन. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ गाव आपलं हे इथलं आपटा, पाताळगंगेकाठचं. लोक विचारतात, "तुम्ही ज्यू, मग मराठी कसं काय बोलता?" अरे बाबा, बोलतो काय, माझी बायको माझ्याशी भांडतेसुद्धा मराठीतच! येऊन ऐक एकदा!

तर आमच्यातल्या तोवामावशी. वय ब्याऐंशी. मागच्या गल्लीत एकट्याच राहायच्या. त्यांचा मुलगा यायर तिकडे इस्रायलमध्ये अश्दोदला, तीस वर्षं झाली जाऊन, तो आला होता त्यांना कायमचं न्यायला. मंगळवारचं विमान. पण त्याआधीच्या शनिवारी हस्केलकाकांचं वर्ष येत होतं. हस्केलकाका म्हणजे मावशींचे यजमान, जाऊन पाच वर्षं झाली. मावशींनी मुलाला निक्षून सांगितलेलं, "ज्या सिनेगॉगमध्ये माझं लग्न लागलं तिथे तुझ्या बाबांचं कद्दीश ऐकीन, आणि मगच विमानात पाय ठेवीन. नाहीतर तू जा, मी इथेच आहे."

आता कद्दीश म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने म्हणायची प्रार्थना. ती मुलाने म्हणायची, पण एकट्याने नाही, दहा पुरुष हजर पाहिजेत. दहा म्हणजे दहा. साडेनऊ नाही, नऊ आणि एक मोबाइलवर व्हिडिओ कॉलने, असंही नाही. आणि पनवेलात आमचे चालते-फिरते पुरुष उरलेत किती? नऊ! बाकीचे कोण अश्दोदला, कोण ठाण्याला, कोण पलीकडे कबरस्तानात. म्हणजे नऊ आम्ही आणि दहावा यायर. बरोब्बर दहा. एकसुद्धा शिल्लक नाही! ठाण्याच्या दोघांना फोन लावून बघितला, तर एकाच्या घरी लग्न आणि दुसऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हटलं, जाऊ दे, आपण दहा आहोत ना, झालं तर मग.

आणि बुधवारी दुपारी मी मावशींकडे सामान बांधायला गेलो. तिथे एक पत्र्याची ट्रंक. यायर म्हणाला, "जुडाह अंकल, जरा धरा त्या बाजूने." मी धरली. वाकलो... उचलली... आणि कंबरेत असा काही कट्‌ आवाज झाला की यायरला वाटलं, ट्रंकेची कडी तुटली. कडी नव्हती ती! ती मी होतो! आणि ट्रंकेत काय होतं माहितीय? पाटा! पाटा-वरवंटा! मावशी अश्दोदला पाटा-वरवंटा घेऊन चालल्या होत्या! यायर कपाळावर हात मारून म्हणतो, "आई, तिकडे मिक्सर आहे गं!" तर मावशी, "मिक्सरात चटणी होत नाही, तिचं पाणी होतं. मी पाट्याशिवाय येणार नाही." आणि मी तिथे काटकोनात! वर बघता येत नाही, खाली बसता येत नाही, मावशींच्या पायांशी बोलतोय, "मावशी... मी... जातो..."

तसाच वाकत वाकत घरी आलो. रस्त्यात दोघे मला नमस्कार करून गेले, त्यांना वाटलं मीच आधी केला.

घरी दारातच बायको, अबीगेल. मला बघितलं आणि पहिलं वाक्य काय? "बरं वाटत नाहीये का?" नाही, "कुठे लागलं?" तेही नाही. पहिलं वाक्य, "मी तुम्हाला तीस वर्षं सांगतेय, गरम पाण्याने आंघोळ करत जा!" अहो, तीस वर्षं मी गरम पाण्यानेच करतोय! पण तिचं म्हणणं, ते कोमट. गरम म्हणजे कसं, तांब्या धरवला नाही पाहिजे! ती गिझर लावायला धावली आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरची हेतल आली. ही फिजिओथेरपिस्ट, हुशार मुलगी, आमच्याच बिल्डिंगमध्ये क्लिनिक आहे. आली आणि ओरडलीच, "नो नो नो, आंटी! पहिले अट्ठेचाळीस तास हॉट बिलकुल नाही! ओन्ली कोल्ड! अंकल, आत सूज आहे ना, तिच्यावर हॉट टाकलं तर ती वाढणार. कोल्ड शॉवर, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. बघा, एकदम फ्रेश वाटेल!"

फ्रेश! आमच्या टाकीचं पाणी सकाळी सहाला, तेही जानेवारीत! तुम्ही म्हणाल, पनवेलला कसली आलीय थंडी, लोक इथे स्वेटर घालतात ते नुसते फोटोला. मान्य. पण उसण भरलेल्या कंबरेने त्या शॉवरखाली उभं राहून बघा आणि मग मला सांगा थंडी कशी असते ते! पहिला थेंब मानेवर पडला आणि मी श्वास आत घेतला तो बाहेर काढायलाच विसरलो. दहा मिनिटं म्हणे! मी चाळीसपर्यंत आकडे मोजले, तेही एक सोडून एक. बाहेर आलो आणि सटासट सात शिंका. आणि उसण भरलेल्या माणसाला शिंक येणं म्हणजे काय असतं, ते ज्याला आलीय त्यालाच विचारा! प्रत्येक शिंकेला मी पाठीमागून कुणी लाथ घातल्यासारखा भिंतीवर!

आणि यायर खूश! तो बघायला आला होता. त्याचं मराठी तीस वर्षांपूर्वीचं, जसंच्या तसं, फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं. म्हणतो, "शाब्बास! अंकल, गारच बरोबर! मी फौजेत होतो, आम्ही पहाटे चार वाजता गार पाणी घ्यायचो. तुम्ही तर आपटेकर! तुमचे आजोबा पाताळगंगेत पहाटे बुडी मारायचे, आई सांगते." अहो, मारायचे! कारण बाथरूम नव्हतं! बाथरूम असतं तर तेही गिझर लावून बसले असते! आणि आजोबांनी तुझ्या आईचा पाटा उचलला होता काय? पण नाही! कंबर कुणाची? माझी! आणि फौज कुणाची? ह्याची!

गुरुवारी संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधला बुधाजी घरत आला. आगरी माणूस, उरणकडचा, वाडवडलांची मिठागरं होती, आता तिथे कंटेनर उभे असतात आणि बुधाजी आमच्यासमोर टू बीएचकेत. माणूस सोन्यासारखा, पण आवाज मिठागराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायचा! दारातूनच, "ओ आपटेकर! येरं लागलाय का काय तुमाला? उसनीवर गार पानी? आमचा बा दिसभर मिठागरान उभा रायचा, सांजचा घरा आला का कडकडीत पानी, त्यान मीठ, आनि आंघोल! मरंपरत त्याची कंबर ताठ होती!" मी म्हटलं, कितव्या वर्षी गेले? म्हणाला, "पंचावन्न." बघा! पण ऐकतोय कोण! पिशवीतून खडेमीठ घेऊनच आला होता, चांगलं दोन किलो, अबीगेलने कौतुकाने बादलीत ओतलं, वर उकळतं पाणी, आणि हेतलला न सांगता, गुपचूप, दार लावून मला त्यात...

अहो, मी आयुष्यात खेकडा, चिंबोरी खाल्लेली नाही. आमच्यात चालत नाही. पण शिजल्यावर ती कशी दिसते हे मी बुधाजीच्या घरी बघितलंय, आणि गुरुवारी रात्री आरशात मी ती पुन्हा बघितली! आणि गुडघ्याला ट्रंकेचं एक खरचटलेलं होतं, ते मी विसरलो होतो. मिठाने आठवण करून दिली. माझं ओरडणं ऐकून हेतल वर आली, "अंकल, काय झालं?" आणि अबीगेल शांतपणे, "काही नाही गं, बातम्या बघतायत."

शुक्रवारी दुपारी अठ्ठेचाळीस तास संपले. हेतलने तपासलं, इकडे दाबलं, तिकडे दाबलं, आणि म्हणाली, "चला अंकल, आता हॉट! उद्या सकाळी उठल्या उठल्या हॉट शॉवर घ्यायचा, दहा मिनिटं फक्त कंबरेवर. रात्रभरात मसल टाइट होतात, ते ओपन झाल्याशिवाय जिना उतरायचा नाही. नाहीतर परत लॉक होणार." अबीगेल म्हणाली, "मी तेच सांगत होते." बुधाजी म्हणाला, "मी तं मीठ बी दिला." म्हणजे तुम्हाला सांगतो, तीन दिवसांत पहिल्यांदा सगळं पनवेल एकमताने गरम म्हणालं, आणि उद्या कुठला वार? शनिवार!

आता शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी तारे दिसेपर्यंत घरात जाळ पेटवायचा नाही. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून तर गावोगाव आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आणि गिझरचं बटण दाबलं की आत काय होतं? जाळच तो! माझे आजोबा दाबत नव्हते... म्हणजे त्यांच्याकडे बटण नव्हतं, पण असतं तरी दाबलं नसतं! आमच्यातले बरेच जण दाबतात. मी कुणाला नावं ठेवत नाही. मी नाही दाबत! चौसष्ट वर्षं नाही दाबलं, आता एका उसणीपायी दाबू? नाही म्हणजे नाही!

झालं! लगेच सगळे माझ्या मागे! हेतल म्हणते, "अंकल, इट्स जस्ट अ स्विच!" यायर म्हणतो, "म्हणून तर मी म्हणतो गार घ्या, गाराला बटणच नाही!" बुधाजी म्हणतो, "हात् तिच्या, मी दाबतो ना बटन! मना कुटं शनवार हाय?" आता त्याला कसं समजवायचं, की मी सांगून तू दाबलंस तर ते मीच दाबल्यासारखं. म्हणतो, "मंग तुमी सांगू नका. मी आपला आपून येईन, चुकून हात लागल." बिल्डिंगवर सोलर आहे का विचाराल तर आहे, ब्रोशरमध्ये आहे.

आणि अबीगेल काय म्हणाली माहितीय? म्हणाली, "उद्या बायकांच्या बाजूला आम्ही अकरा जणी बसणार आहोत. ताठ. स्वतःच्या पायांनी आलेल्या. त्या अकरा मोजायच्या नाहीत, आणि हा एक वाकलेला माणूस मोजायचा. आणि तो वाकलेला माणूस बटण दाबत नाही म्हणून मावशींचं कद्दीश अडणार!" मी पंख्याकडे बघितलं... म्हणजे बघता येत नव्हतं, फरशीकडे बघितलं.

पण खरं सांगू? मला तेव्हा भीती वाटली. नुसती चिडचिड नव्हती ती. मी नाही पोचलो तर नऊ जण बसणार, यायर पुस्तक उघडून उभा राहणार आणि म्हणता काहीच येणार नाही. आणि मावशी मंगळवारी जाणार. पुन्हा थोड्याच येणार आहेत, ब्याऐंशीव्या वर्षी? हस्केलकाकांनी मला सायकल शिकवली होती, वडाळे तलावाला तीन फेऱ्या मागे धावत. त्यांच्यासाठी मला तीन मजले उतरून दहा मिनिटं चालता येऊ नये?

मग युक्ती अबीगेललाच सुचली. ते थंड पाण्याचे जार असतात ना, वीस लिटरचे, हिरवे, खाली तोटी, लग्नाकार्यात ठेवतात ते? आमच्याकडे मिथुन आणून देतो. सिनेगॉगसाठी एक सांगितलेलाच होता, प्रार्थना झाल्यावर काळ्या मनुकांचं शरबत करतात त्यासाठी, आणि शनिवारी खरेदी नको म्हणून तो शुक्रवारीच येणार होता. अबीगेलने दोन मागवले. एकातलं सगळं पाणी माठात, पातेल्यांत, कळशीत ओतलं आणि सूर्य मावळायच्या आत गिझरचं कडकडीत पाणी त्यात भरलं. जो जार गार ठेवतो तो गरमही ठेवणारच की! वर झाकण घट्ट, आणि उष्णता जाऊ नये म्हणून त्याला आमची जाडी गोधडी गुंडाळली, वर नाडीने बांधली. दुसरा जार, बर्फगार पाण्याचा, सिनेगॉगचा, तसाच उघडा शेजारी. काय डोकं आहे बघा बाईचं! मी तिला म्हटलंसुद्धा, उद्या दहा जणांत मी तुला मोजलं असतं. ती म्हणाली, "राहू दे."

शनिवारी सकाळी सात वाजता बुधाजी आला. आम्ही शनिवारी जड ओझी उचलून रस्त्याने नेत नाही, म्हणून तो आपण होऊन सिनेगॉगचा जार स्कूटरवर न्यायला आला होता. अबीगेल आत मनुकांचा अर्क बाटल्यांत भरत होती, तिने आतूनच सांगितलं, "बुधाजीभाऊ, गरम पाण्याचा तेवढा बाथरूममध्ये मशीनवर ठेवा ह्यांच्यासाठी, आणि दुसरा घेऊन जा." तो म्हणाला, "ठेवतो, वयनी." ठेवला. गेला. पाठोपाठ अबीगेल बाटल्या घेऊन खाली मावशींकडे गेली, त्यांना हात धरून न्यायचं होतं. घरात मी एकटा.

मी बाथरूममध्ये गेलो. अबीगेलने सगळं मांडून ठेवलेलं. वॉशिंग मशीनवर जार, त्याच्या तोटीखाली प्लॅस्टिकचं स्टूल. गोधडी दिसली नाही, म्हटलं, काढून ठेवली असेल बिचारीने, मला वाकता येत नाही म्हणून. केवढी काळजी! कपडे काढले, स्टुलावर पाठ तोटीकडे करून बसलो, हात मागे नेऊन तोटी चाचपली, डोळे मिटले, हस्केलकाकांचं नाव घेतलं, आणि तोटी पूर्ण सोडली.

अहो...!

अहो, काय सांगू तुम्हाला! रात्रभर बर्फ वितळून वितळून तयार झालेलं पाणी! सरळ मणक्यावर! मी ओरडलो नाही. ओरडायला आवाज लागतो. मी नुसता "हाऽऽ" असा... आणि तोटी बंद करायला हात मागे नेतोय तर तो जात नाही! सोडताना गेला होता, आता नाही जात! अर्धा जार पाठीवर, अर्धा डोक्यावर, आणि त्या पाण्यातून बर्फाचा एक चपटा तुकडा आला तो माझ्या मानेवरून घरंगळत... जाऊ दे, बायामाणसं ऐकतायत. मी उठलो! कसा उठलो विचारू नका, हेतलच्या पुस्तकात ती हालचाल नाही. ताडकन उभा राहिलो आणि आरशात बघतो तर काय, मी सरळ! ताठ! कळ होती, चांगली होती, पण थंडीपुढे त्या कळेकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता!

कपडे कसे घातले, तीन मजले कसे उतरलो, काही आठवत नाही. दात असे वाजत होते की रस्त्यातला कुत्रा बाजूला झाला. पोचलो तेव्हा पावणेनऊ वाजले होते. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, दहा शब्दांचं एक वचन आहे, ते एकेका माणसाकडे बघून एकेक शब्द असं म्हणतात. मी दारात आलो तेव्हा नऊ शब्द म्हणून झाले होते आणि सगळे दाराकडे बघत होते. यायर हातात पुस्तक घेऊन उभा. मावशी पलीकडच्या बाकावर, पदर तोंडाशी. मी चौकटीला धरून उभा राहिलो, आणि मोजणाऱ्याने माझ्याकडे बघून दहावा शब्द म्हटला.

तुम्हाला सांगतो, चौसष्ट वर्षांत मला कुणी इतकं महत्त्व दिलं नव्हतं. खात्यात तीस वर्षं काढली, मी रजेवर गेलो तरी लाइनी चालू असायच्या.

यायरने कद्दीश म्हटलं. तो फौजेतला, पहाटे चारला गार पाणी घेणारा, त्याचा आवाज दुसऱ्या ओळीला फुटला. मी "आमेन" म्हणायचो तर ते आ-आ-आ-मेन असं निघायचं, दात थांबतच नव्हते, डोळ्यांतून पाणी. शेजारचे आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रडू नको, जुडाह." मी म्हटलं, रडत नाही, गारठलोय. पण खोटं बोललो मी. दोन्ही चाललं होतं.

मग बाहेर शरबत. अबीगेलने पेल्यांमध्ये मनुकांचा अर्क घातला, गोधडी बाजूला करून जारची तोटी सोडली, आणि भस्सकन वाफ! यायरचा चष्मा पांढरा झाला. अबीगेलने पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या निळ्या ओठांकडे बघितलं आणि तिला कळलं. आम्ही दोघांनीही बुधाजीकडे बघितलं. तो दाराबाहेर उभा होता. म्हणतो, "काय झाला? गोदडी गुंडालली होती ना त्याला! मंग? करंजाला बंदरावर बर्फ गोनपाटान नाय गुंडालत? गुंडालला तो बर्फच! उगडा तो गरम! मना काय कोनी सांगतला?" आता ह्यावर वाद घाला! पिढ्यान्पिढ्या त्या माणसाने बर्फच गुंडाळलेला बघितलाय, त्याचं काय चुकलं?

आणि मावशींनी तो गरम पेला दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "जुडाह रे, तू मुद्दाम गरम करवलंस ना? ह्यांना गार कधी सोसलं नाही. शब्बाथचं शरबतसुद्धा चुलीच्या कडेला ठेवून प्यायचे. तुझ्या बरं लक्षात राहिलं." मी लगेच मान हलवली. आयुष्यात एवढं श्रेय फुकट मिळालं नव्हतं, कोण सोडतो!

पण लोक सोडतात का? रविवारी हेतल, "बघा अंकल, कोल्डने रिलीझ झालं! मी फर्स्ट डेलाच सांगितलं होतं." अबीगेल म्हणते, "गरम शरबत चार पेले प्यायलात म्हणून." बुधाजी म्हणतो, "गुरवारचा मीठ सनवारी लागू झाला." यायर तर विमानतळावरून निघता निघता फोनवर, "अंकल, रोज गार! वचन द्या!" मी कुणाला वचन देणार नाही! कंबर कुणाची? माझी! मला हवं तेव्हा गार घेईन, हवं तेव्हा गरम घेईन, आणि मनात आलं तर एखादा दिवस घेणारच नाही! या विचारायला!

मावशी मंगळवारी गेल्या. पाटा नेला. जादा वजनाचे पैसे भरून नेला.

आणि परवा परत शनिवार आला. माझी कंबर एकदम ताठ. आंघोळ कशाने केली ते तुम्हाला सांगणार नाही. साडेआठच्या ठोक्याला मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. एकेक करत सगळे आले, कुणी आजारी नाही, कुणाला उशीर नाही. बुधाजी स्कूटरवरून जार घेऊन आला, ह्या वेळी झाकण उघडून आत बोट घालून बघून आला. बराच वेळ झाला तरी प्रार्थना सुरू होईना, तेव्हा आत डोकावून म्हणाला, "काय रखडलाय?" मी म्हटलं, एक कमी आहे. तर जार खाली ठेवून म्हणतो, "एकच ना? मंग मी हाय की! मी बसतो!" मी म्हटलं, "बुधाजी, तसं चालत नाही रे." जरा विचार केला त्याने, म्हणाला, "बरां. मंग मी भायेर बसतो. कोन नायच आला तं हाक मारा." आणि बसला की हो बाहेर पायरीवर, दहा वाजेपर्यंत!

आता तुम्हीच सांगा, कुठलं पाणी घेऊ? गार घेतलं तरी नऊ, गरम घेतलं तरी नऊ.